अभ्यासासाठी घेतलेला लॅपटॉप

जून महिन्यातल्या पालकसभेनंतर शाळेच्या फाटकापाशी तीन-चार पालकांनी आम्हांला गाठले आणि एकच प्रश्न विचारला, "तुम्ही तो गेमिंग लॅपटॉप घेतलात म्हणे. कसा आहे?" त्यांच्याही घरी बारावी झालेली मुले आहेत आणि तीच मागणी त्यांच्याही पुढ्यात येऊन ठेपली आहे. उभ्याउभ्या जे सांगता आले नाही ते इथे लिहीत आहोत. वस्तू घरात येऊन जेमतेम सहा आठवडे झाले आहेत, तेव्हा हा काही शेवटचा निकाल नव्हे.

आमच्या थोरल्याला अभियांत्रिकीला जायचे आहे. धाकटी आठवीत, आपल्याच शाळेत. "इंजिनीअरिंगला असाच लागतो, सगळे असाच घेतात," हे वाक्य आम्ही मार्चपासून ऐकत होतो. सयाजीगंजातल्या दुकानदारानेही "बेन, स्टडी माटे ज छे, बधा आ ज लई जाय छे" म्हणून त्याला दुजोरा दिला. किंमत ८४ हजार रुपये. त्यात १८ टक्के जीएसटी धरलेला, म्हणजे जवळजवळ १३ हजार नुसता कर. आमची तयारी ४५ हजारांची होती. उरलेले पैसे घरातल्या आजींनी दिले. बँकेतली एक मुदत ठेव मोडली आणि म्हणाल्या, "नातवाच्या शिक्षणासाठी नाही तर कशासाठी ठेवायचे?" आम्ही गप्प बसलो. हे गप्प बसणे पुढे आम्हांला महागात पडले.

आधी वस्तूबद्दल. पडदा सुरेख आहे. साधा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, हा १४४ वेळा. हा फरक आमच्या चाळिशी लागलेल्या डोळ्यांना कळेल असे वाटले नव्हते, पण कळतो. नुसते पान वर सरकवले तरी अक्षरे फाटत नाहीत. कळांखाली लाल दिवे आहेत. रात्री अंधारात गणपतीच्या आराशीची माळ पेटल्यासारखे दिसते. धाकटीला तेवढेच आवडले. वजन मात्र बरेच आहे. लॅपटॉप सव्वादोन किलोंच्या वर आणि त्याचा अॅडॉप्टर वेगळा, विटेएवढा. दोन्ही मिळून तीन किलोंचे ओझे. खोक्यावर ५१२ जीबी लिहिलेले असते आणि मशीन ४७६ दाखवते, त्यावरून दुकानात भांडायला जाऊ नये. कंपनी हजाराच्या पटीने मोजते, विंडोज १०२४ च्या. पण आजकालचे काही काही खेळ एकटेच १०० जीबी गिळतात, हे घेण्यापूर्वीच माहीत असलेले बरे.

सगळ्यांत महत्त्वाचे आम्हांला घेतल्यावर कळले. चित्रे उमटवणाऱ्या चिपचे नाव सगळे विचारतात, तिची ताकद कोणी विचारत नाही. आमच्या लॅपटॉपमध्ये आरटीएक्स ४०५० आहे, ६ जीबी स्मृतीची. याच नावाची चिप कुठल्या लॅपटॉपमध्ये ३५ वॅटवर चालते, कुठल्यामध्ये ११५ वॅटवर. नाव तेच, पण कामगिरीत मोठी तफावत. किती वॅटची, हे दुकानदाराला विचारावे आणि त्याला सांगता आले नाही तर त्याच्यासमोर कंपनीचे माहितीपत्रक उघडून बघावे. आम्ही विचारले नव्हते. आमची मधल्या आकड्याची निघाली, हा निव्वळ योगायोग.

आणि उष्णता. मे महिन्यात बडोद्याचा पारा बेचाळिशीच्या वर असतो, त्यात हे यंत्र. खेळ सुरू झाला की आतले दोन पंखे असे काही घोंघावतात की पहिल्या दिवशी आजींनी "मिक्सर कोणी लावला?" म्हणून विचारले होते. आतले तापमान ९० अंशांच्या वर गेलेले आम्ही स्वतः पाहिले. तसे झाले की यंत्र आपण होऊन वेग कमी करते, म्हणून ते जळत नाही. पण ते पलंगावर, चादरीवर ठेवून चालवू नये. हवा खालून आत घेतली जाते आणि चादर ती वाटच बंद करते. मागची बाजू थोडी उचलून धरली तर चार-पाच अंशांचा फरक पडतो. आमच्याकडे त्यासाठी लाकडाच्या दोन पट्ट्या ठेवल्या आहेत. विजेवाचून हे यंत्र फारसे कामाचे नाही. लिहिण्या-वाचण्याला बॅटरी चार तास पुरते, खेळाला तासभर. शिवाय बॅटरीवर वेगही पडतो, कारण अॅडॉप्टर जेवढी वीज देतो तेवढी बॅटरीला देता येत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. खोके उघडले तेव्हा लक्षात आले की अॅडॉप्टरच्या प्लगच्या पिना गीझरच्या असतात तशा जाड, सोळा अँपिअरच्या आहेत. मुलाच्या खोलीत तसा पॉइंट नाही. तो होता जेवणाच्या टेबलाजवळ, ओव्हनसाठी काढलेला. वायरमन चार दिवसांनी येणार म्हणाला. त्यामुळे चार दिवस आमचा चिरंजीव जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांच्या मधोमध खेळत बसला.

त्या चार दिवसांत आम्हांला जे दिसले ते दुसऱ्या कशाने दिसले नसते. त्याने ‘राजी’ नावाचा खेळ घातला होता. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या छोट्या कंपनीने केलेला, २०२० साली आलेला. राजी नावाची मुलगी असुरांनी पळवलेल्या आपल्या धाकट्या भावाला शोधत निघते आणि तिची गोष्ट दुर्गा आणि विष्णू सांगत असतात. मागचे वाडे, कमानी, कुंडे अशी रंगवलेली की आजी भाजी निवडता निवडता थांबून बघू लागल्या. "ही पोरगी एकटीच चाललीय का?" "भाऊ सापडला का रे?" असे त्यांचे सुरू झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारले, "आज नाही का लावत ते?" आणि मग तिसऱ्या दिवशी, अगदी सहज, "आणि तुझा अभ्यास यात कुठे असतो?"

तो आमच्याकडे बघू लागला, आम्ही त्याच्याकडे. प्रवेशच व्हायचा होता, अभ्यास कुठला दाखवणार? शेवटी त्यानेच सांगितले, "आजी, खरं सांगू का? हा खेळायलाच घेतलाय." आजींनी हातातली भाजी खाली ठेवली. म्हणाल्या, "मग खेळायलाच म्हणायचं होतंस. मी काय नाही म्हटलं असतं?" त्या रागावल्या नाहीत. पण त्या दिवशी त्या टेबलाशी परत आल्या नाहीत, आणि पुढचे दोन दिवसही नाहीत. चाळीस हजारांचे त्यांना काही वाटले नसावे. आम्ही दोघांनी, कळत असून, त्यांना ‘शिक्षण’ हा शब्द वापरू दिला, हे त्यांना लागले.

म्हणून आमचे मत असे आहे की गेमिंग लॅपटॉप घ्यायचा असेल तर तो खेळासाठी घेतो आहोत असे घरात सर्वांसमोर म्हणून घ्यावा, आणि असे म्हणण्याची हिंमत नसेल तर घेऊ नये. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला प्रोग्रॅमिंग शिकायला, अहवाल लिहायला साधा, निम्म्या किमतीचा लॅपटॉप पुरतो. त्रिमितीय आराखडे, चित्रफितींचे संपादन, कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग यांना अशी भारी चिप उपयोगी पडते हे खरे. पण ज्या मुलाला त्यासाठी ती हवी असते तो आधीपासून, मिळेल त्या जुन्या यंत्रावर, तेच करताना दिसतो. आमचा दिसत नव्हता. हे आम्हांला माहीत होते.

बडोद्याला ही सबब तशी नवी नाही म्हणा. महाराजा फतेहसिंह संग्रहालयाची इमारत मुळात राजघराण्यातल्या मुलांची शाळा, आणि त्यांना राजवाड्यापासून शाळेपर्यंत न्यायला छोट्या रुळांवरची छोटी आगगाडी होती. अभ्यासाच्या नावाने एवढे मोठे खेळणे आमच्या चिरंजिवालाही मागता आले नाही! पण त्या गाडीत बसलेला मुलगा गाडीत बसलाय हे सगळ्यांना दिसत होते. आमच्याकडे दार लावून ‘प्रोजेक्ट’ चालणार होता.

आमच्या ओळखीच्या काही घरांत याच्या उलट टोक आहे. खेळ म्हटले की व्यसन, जुगार, पोलीस. त्यालाही कारणे आहेत. मार्च २०१९ मध्ये राजकोटला पबजी खेळणाऱ्या मुलांना पोलिसांनी पकडले होते, ते आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. पण सगळे एका पारड्यात घालू नये. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदाच केला. ती गोष्ट वेगळी आणि राजीने भाऊ शोधणे वेगळे. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या विकाराला आजारांच्या यादीत घेतले आहे, ती यादी २०२२ पासून लागू आहे. मात्र खेळावर ताबा उरलेला नाही, बाकीची सारी कामे मागे पडली आहेत, नुकसान दिसत असूनही सुटत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालले आहे, असे असेल तर त्याला विकार म्हणतात. सुट्टीत चार दिवस जागणारा मुलगा त्यात बसत नाही. आणि हे सारे ओळखायचे तर खेळ उघड्यावर चाललेला असावा लागतो. अभ्यासाच्या बुरख्याआड चालला तर वेळ मोजायची कशी? "किती वेळ खेळलास?" हा प्रश्नच विचारता येत नाही, कारण कागदोपत्री तो खेळतच नसतो.

खरे बोलल्यावर बोलणे सोपे झाले, हे आम्ही अनुभवाने सांगतो. विंडोजमध्ये मुलांच्या वेळेवर कुलूप घालायची सोय असते. पण अठरा वर्षांच्या मुलाला कुलूप लावणे आम्हांला बरे वाटले नाही. संध्याकाळी दोन तास आणि रविवारी जास्त, असे त्यानेच ठरवले. पाळतो का? आठवड्यातून पाच दिवस पाळतो. दोन दिवस वाद होतात, पण ते उघडपणे होतात.

चौथ्या दिवशी वायरमन आला, साडेतीनशे रुपयांत मुलाच्या खोलीत जाड पिनांचा पॉइंट निघाला आणि लॅपटॉप तिकडे गेला. त्या रात्री दार बंद झाले आणि पंख्यांचा घोंघाट तेवढा बाहेर येत राहिला. आजींनी विचारले, "भाऊ सापडला का तिला?" कोणालाच माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही काही न बोलता ओव्हनचा प्लग काढून ठेवला. संध्याकाळी तो आपण होऊन लॅपटॉप घेऊन टेबलाशी आला. खोलीत फार उकडते म्हणाला. ते खरेच असेल, त्या खोलीला दुपारभर पश्चिमेचे ऊन असते.

तेव्हापासून तो तिथेच आहे. साडेआठला पाने मांडायची म्हणून उचलावा लागतो, यावरून रोज कुरकुर होते. दुपारी आम्हीही वापरतो. हा मजकूर त्याच लाल दिव्यांच्या कळांवर लिहिला आहे. विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कळफलक आता आतच असतो. भाषांच्या यादीत मराठी जोडले की झाले, वेगळे काही विकत आणावे लागत नाही. ज्यांना शाळेच्या अंकासाठी लिहायचे असते आणि टंकलेखनासाठी अडते त्यांनी जरूर करून बघावे.

आता कॉलेज सुरू होईल. काल बॅग भरण्याचा विषय निघाला तेव्हा चिरंजीव म्हणाले, "तीन किलो रोज कोण उचलणार? मावशीचा जुना लॅपटॉप पडलाय ना, तो नेतो." आजी हसल्या. मावशीला फोन त्यांनीच लावला.