फांदी पिंजऱ्यात ठेवण्याआधी

मागच्या एप्रिलमध्ये मी वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत बसले होते. रात्री साडेनऊला आपाचा फोन आला. “तू जरा येतेस का? याचा तो नवाब दोन दिवस झाले काही खात नाही, आणि पोरगंही धड जेवत नाही.”

नवाब म्हणजे माझ्या भाच्याचा इग्वाना. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला हा हिरवा सरडा झाडावर राहतो आणि पाला खातो. शेपटीसकट तो पाच फुटांपर्यंत वाढतो, हे आपाला तो घरी आल्यावर कळले! दुल्हाभाईंनी ‘परिवेश’ पोर्टलवर त्याची रीतसर नोंद केली आहे. परदेशातून आलेल्या अशा प्राण्यांसाठी २०२४च्या नियमांनी ती सक्तीची झाली. आपल्याकडची घोरपड, स्टार कासव किंवा साप घरात ठेवणे मात्र १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हाच आहे. कोणी कितीही सांगितले तरी त्या वाटेला जाऊ नका.

मी पोहोचले तेव्हा नवाब पिंजऱ्याच्या तळाशी डोळे मिटून पडला होता. पिंजऱ्यात एक नवीन लाकूड होते, द्राक्षवेलीचे जुने खोड. पीळदार आणि दिसायला फार देखणे. तासगावकडे दुल्हाभाईंच्या एका मित्राने जुनी बाग काढली होती. बांधावरच्या ढिगातून भाच्याने ते उचलून आणले, फडक्याने पुसले आणि थेट आत ठेवले. सालीच्या बेचक्यांत निळसर-पांढरे डाग होते. “खाला, ते तर मला छान वाटले होते,” तो म्हणाला.

सांगली जिल्ह्यात राहणाऱ्याला हे डाग ओळखता यायला हवेत. तो मोरचूद आणि चुना, म्हणजे बोर्डो मिश्रण. द्राक्षबागेवर वर्षभर बुरशीनाशके आणि कीटकनाशके फवारली जातात, आणि जुन्या खोडाच्या खडबडीत सालीत ती साचून राहतात. इग्वाना समोर येणारी प्रत्येक नवी वस्तू जिभेने चाटून ओळखतो. म्हणजे लाकडावर जे असेल ते थेट त्याच्या तोंडात जाते.

सकाळी जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. ते म्हणाले, “तपासणी केल्याशिवाय कारण नक्की सांगता येणार नाही. पण ते लाकूड आधी बाहेर काढा.” त्यांनी औषध दिले आणि कोमट पाण्याने अंग धुवायला सांगितले. पाचव्या दिवशी नवाबने जास्वंदीचे फूल खाल्ले. भाच्याने मला फोन करून सांगितले, तेव्हा त्याचा आवाज भरून आला होता.

आता पिंजऱ्यात फांदी तर हवीच होती. झाडावर राहणाऱ्या प्राण्याला सपाट फरशीवर ठेवणे हीसुद्धा तकलीफच. चढण्याने त्याच्या पायांत बळ राहते, खरखरीत सालीवर नखे झिजतात, कात टाकताना अंग घासायला आधार मिळतो. मग सुट्टीत आम्ही दोघांनी मिळून ते काम केले. कोणाच्या घरी असा प्राणी असेल तर उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट झाडाची. आमच्या परसात पेरू आहे. त्यावर कधी औषध मारलेले नाही, आणि ते रस्त्याच्या धुरापासूनही लांब आहे. पेरूचे लाकूड कठीण आणि चिवट असते. कण्हेर, शेर, रुई यांच्या फांद्या विषारी, त्यांना हातही लावायचा नाही. आंब्याचा चीक अंगावर उठतो. चीर आणि देवदार यांच्यात उग्र वासाचे तेल व राळ असते. मी भाच्याला सोपा नियम सांगितला: ज्या झाडाची ओळख नाही, ज्यातून चीक निघतो किंवा ज्याचा वास डोक्यात जातो, ते लाकूड सोडून द्यायचे.

फांदी किती जाड? नवाबच्या धडाएवढी तरी हवीच, थोडी जास्त असली तर उत्तम. बारीक फांदीवर त्याला जीव मुठीत धरून बसावे लागते. कापलेली फांदी नखाने दाबून पाहिली. नख आत रुतले तर लाकूड कुजलेले समजायचे. बारीक भोके आणि पिठासारखा भुसा दिसला तर आत किडा आहे.

मग सुटी साल बोथट सुरीने खरवडली, कारण तिच्याखालीच किडे दडतात. घट्ट बसलेली साल राहू दिली. काथ्याच्या ब्रशने आणि गरम पाण्याने फांदी घासली, पण साबण लावला नाही. लाकूड साबण पिऊन घेते आणि तो पुन्हा निघत नाही.

यानंतर उकळणे. भाच्याने आपाची बिर्याणीची देगच बाहेर काढली होती! मी ती परत ठेवायला लावली. या प्राण्यांच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्यांना काही होत नाही, पण घरातल्या लहान मुलांना आणि वृद्धांना त्यामुळे गंभीर जुलाब होऊ शकतात. म्हणून पिंजऱ्यातली कोणतीही वस्तू स्वयंपाकघरात आणायची नाही आणि तिथल्या मोरीत धुवायची नाही. काम झाले की हात साबणाने धुवायचे. आम्ही तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला, अंगणात विटांची चूल मांडली आणि फांदीचे तुकडे तासभर उकळले. तरंगू नयेत म्हणून वर वीट ठेवली. पाणी चहासारखे झाले, तेव्हा ते फेकून नवे घातले. जी फांदी डब्यात मावत नव्हती तिच्यावर उकळते पाणी फिरवून फिरवून ओतले. हे काम मात्र मोठ्यांनीच करावे.

खरी परीक्षा वाळवण्याची. फांदी वरून दोन दिवसांत कोरडी दिसते, पण आत ओल असते. तशीच ठेवली तर आठवड्यात बुरशी धरते. ओव्हनमध्ये लाकूड टाकून निघून जाणे धोक्याचे, आणि मायक्रोवेव्हमध्ये तर ते आतून पेट घेऊ शकते. आपल्याकडे मे महिन्याचे ऊन फुकट आहे. मी भाच्याला ताणकाटा दिला आणि रोज संध्याकाळी फांदीचे वजन वहीत लिहायला सांगितले. पहिल्या दिवशी २ किलो ४०० ग्रॅम भरले. बाराव्या दिवशी १ किलो ७०० ग्रॅम, आणि पुढचे तीन दिवस तेवढेच. वजन कमी व्हायचे थांबले, म्हणजे फांदी वाळली. विज्ञानाच्या तासाला हा मुलगा खिडकीबाहेर बघतो, अशी त्याच्या शिक्षकांची तक्रार आहे. पण हा तक्ता त्याने एकही दिवस चुकवला नाही.

टोकदार गाठी आम्ही काच कागदाने घासल्या. व्हार्निश, रंग किंवा डिंक लावला नाही, कारण दिव्याच्या उष्णतेने त्यांची वाफ पिंजऱ्यात कोंडते. दोन्ही टोके बाहेरून स्क्रू आणि वायसर लावून पक्की केली. नुसती टेकवलेली फांदी निसटली तर प्राण्याच्या अंगावर पडते. म्हणून आधी पाच किलो तांदळाची पिशवी तिच्यावर टांगून पाहिली. शेवटी, दिव्याखाली नवाब जिथे बसेल त्या उंचीवर थर्मामीटर धरला. तिथे ३२ ते ३५ अंश हवे. तळाशी मोजून उपयोग नसतो, कारण दिव्याकडे जावे तसा फांदीवरचा ताप वाढतो आणि या प्राण्यांना भाजते. दिव्यालाही जाळी लावून घेतली.

आता दोन फांद्या आहेत. एक आत, दुसरी उन्हात. पावसाळ्यात पांढरी बुरशी दिसली की अदलाबदल करायची, पुन्हा उकळायचे, पुन्हा वाळवायचे. ही मेहनत एकदाची नाही. इग्वाना पंधरा वर्षांहून जास्त जगू शकतो. तोपर्यंत भाच्याचे शिक्षण संपून नोकरी लागलेली असेल.

आपा परवा म्हणाली, “एवढा खटाटोप एका सरड्यासाठी?” मी भाच्याकडे पाहिले. तोच म्हणाला, “अम्मी, रानात असता तर त्याने न आवडलेली फांदी सोडून दुसरी धरली असती. इथे मी ठेवीन तीच.”

मुले आपल्याकडे मासा, पोपट, कासव मागतात आणि आपण हो किंवा नाही म्हणून मोकळे होतो. यापुढे हो म्हणण्याआधी मुलाला एवढेच विचारा: त्या बेजबान जिवाचे घर रोज कोण बघणार? उत्तर लगेच आले नाही तर थोडे थांबा.