शंका आणि कसोटी

सजीव पेशीत बहुतांश पाणीच असते. ती एकदम गोठविली, तर आत बर्फाचे स्फटिक होऊन तिची रचना मोडते. फार सावकाश गोठविली, तर बाहेरील पाण्याचे बर्फ होऊन उरलेल्या द्रवातील क्षार दाट होतात व पेशी शुष्क होते. या दुहेरी संकटातून पेशीला जिवंत राखण्याची विद्या कशी जन्मली, हे विद्यार्थ्यांनी अवश्य जाणून घ्यावे.

लंडन येथे पोल्ज, ऑड्री स्मिथ व पार्क्स हे शास्त्रज्ञ कोंबड्याच्या शुक्रपेशी गोठवून पाहत होते. साखरेच्या द्रावणाने यश येईना. एका खेपेस मात्र शीतगृहातील बाटलीतल्या द्रावणात, उणे 79 अंशांवर गोठविलेल्या पेशी वितळल्यावर पुन्हा हालचाल करू लागल्या. त्यांनी तो योगायोग म्हणून सोडून दिला नाही, की लगेच जयघोषही केला नाही. बाटलीत उरलेल्या थेंबांचे रासायनिक पृथक्करण करविले. त्यात साखर नव्हतीच; ग्लिसरीन होते! हा शोध 1949 साली प्रसिद्ध झाला. आज रक्तपेशी, गुरांचे वीर्य, मानवी भ्रूणसुद्धा द्रवरूप नत्रवायूत, उणे 196 अंशांवर, वर्षानुवर्षे टिकविता येतात.

आता आपल्याच देशातील कथा पाहा. कलकत्त्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी 1978 साली जाहीर केले की, 53 दिवस गोठवून ठेवलेल्या भ्रूणापासून 3 ऑक्टोबर रोजी एक बालिका जन्मास आली आहे. राज्य सरकारच्या समितीने हा दावा अमान्य केला. जपानला जाऊन आपले कार्य मांडण्याची अनुमतीही त्यांना मिळाली नाही. 1981 साली या खचलेल्या संशोधकाने स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. पुढे 1984 मध्ये ऑस्ट्रेलियात गोठविलेल्या भ्रूणापासून बालक जन्मले, तेव्हा जगाने ते मान्य केले.

कोणी म्हणेल, असामान्य दाव्यावर शंका घेऊच नये काय? अवश्य घ्यावी, शंकेवाचून शास्त्र नाही. परंतु जो शंका घेतो, त्याच्यावर कसोटी लावण्याचेही उत्तरदायित्व येते, असे आमचे स्पष्ट मत आहे. लंडनच्या शास्त्रज्ञांनी बाटली तपासली. कलकत्त्यात माणसालाच दोषी ठरविले गेले.

ही कसोटी अखेर लावली ती डॉ. टी. सी. आनंदकुमार यांनी. 1986 साली मुंबईत जन्मलेल्या परखनळी-बालिकेमुळे देशातील पहिलेपणाचा मान त्यांना व डॉ. इंदिरा हिंदुजांना लाभला होता. तरीही मुखोपाध्यायांची हस्तलिखित टिपणे तपासून 1997 मध्ये त्यांनी जाहीर केले की, तो मान मुखोपाध्यायांचा आहे. स्वतःच्या कीर्तीपेक्षा सत्य मोठे मानणारी ही वृत्ती प्रयोगशाळेत शिरण्यापूर्वीच, शाळेच्या बाकावर, अंगी बाणली पाहिजे. वर्गातील एखाद्याचे उत्तर आपल्याहून निराळे आले, तर हसण्याआधी ते गणित आपण एकदा करून पाहतो काय? शास्त्राची पहिली परीक्षा तेथेच आहे, असे आम्ही मानतो.