गाऊनला नावं ठेवणाऱ्यांना

मे महिन्याचा पहिला सोमवार उलटला की न्यूयॉर्कच्या मेट गालाची, म्हणजे मेट संग्रहालयाच्या निधीसोहळ्याची, छायाचित्रं आपल्याकडे येऊन थडकतात आणि त्यांच्या पाठोपाठ ठरलेले शेरे येतात. पैशाची मस्ती. हे काय कपडे आहेत? जगात माणसं उपाशी मरताहेत आणि यांना हे सुचतंय. हे शेरे मारणाऱ्यांत वाचणारी, नाटकं पाहणारी, चित्रप्रदर्शनांना आवर्जून जाणारी माणसंही असतात. अमूर्त चित्रापुढे ‘मला नीट कळलं नाही’ म्हणून घटकाभर थांबणारा माणूस गाऊनपुढे मात्र, यात कळण्यासारखं काही नाहीच, असं ठरवून उभा राहतो. माझा विरोध या ठरवून टाकण्याला आहे. त्या संग्रहालयाच्या पायऱ्यांवर दरवर्षी जे शेकडो पोशाख दिसतात त्यांतले बरेचसे सामान्य असतात, हे मान्य. पण त्यांतले जे चार-सहा अस्सल असतात, ते आजच्या काळातल्या हातकामाचे सर्वोत्तम नमुने आहेत आणि त्यांच्याकडे त्याच नजरेनं पाहिलं पाहिजे.

पहिला आक्षेप पैशाचा. आकडे डोळे दिपवणारे आहेत यात शंका नाही. २०२५ साली एका तिकिटाची किंमत ७५ हजार डॉलर होती आणि एका संध्याकाळी ३ कोटी १० लाख डॉलर जमले. पण हा पैसा जातो कुठे? मेट्रोपॉलिटन म्युझियम ऑफ आर्टचा वेशभूषा विभाग, म्हणजे कॉस्च्युम इन्स्टिट्यूट, हा त्या संग्रहालयातला स्वतःचा खर्च स्वतः उभा करावा लागणारा एकटाच विभाग. चित्रांना, शिल्पांना ही अट नाही, कपड्यांना आहे. एलिनॉर लॅम्बर्ट यांनी १९४८ मध्ये या विभागासाठी निधी जमवायला मध्यरात्रीचं भोजन ठेवलं, तिकीट ५० डॉलर. आजचा सोहळा हा त्याच भोजनाचा वाढलेला अवतार आहे. त्यातून ३३ हजारांहून अधिक वस्त्रं आणि वेशभूषेच्या वस्तू सांभाळल्या जातात, आणि वस्त्र सांभाळणं हे दगडाची मूर्ती सांभाळण्याइतकं सोपं नसतं. रेशीम उजेडानं विरतं, जर काळवंडते, मोत्यांच्या भारानं शिवण ताणत जाते. एकोणिसाव्या शतकात रेशमाला वजन यावं म्हणून ते धातूच्या क्षारांत बुडवत. ते रेशीम आज हात न लावताही तडकतं. या विभागाच्या २०२४ च्या ‘स्लीपिंग ब्यूटीज’ प्रदर्शनात काही पोशाख पुतळ्यावर चढवणंही अशक्य झालं होतं. ते काचेच्या पेटीत आडवे निजवून दाखवावे लागले. श्रीमंतांनी मिरवण्याच्या हौसेपोटी दिलेल्या पैशांतून हे काम चालत असेल, तर त्यात उपाशी माणसाच्या तोंडचा घास कुणी काढून घेतलेला नाही.

शिवाय ही काटकसरीची शिकवण आपण कपड्यांनाच का देतो? क्रिकेटपटूंचे लिलाव कोटींत होतात, तेव्हा आपण त्यांच्या धावांचा हिशेब मांडतो. सिनेमाच्या एका गाण्यावर झालेला खर्च कौतुकानं सांगतो. मराठी माणसाला तर हा आक्षेप घेताना बालगंधर्व आठवायला हवेत. गंधर्व नाटक मंडळीनं खऱ्या भरजरी शालूंवर, दागिन्यांवर, गालिच्यांवर पाण्यासारखा पैसा ओतला. मंडळी कर्जात बुडाली, तरी त्या शालूंना महाराष्ट्रानं उधळपट्टी म्हणून मोडीत काढलं नाही. घरंदाज बायका बालगंधर्वांच्या नेसण्याची नक्कल करत होत्या. रंगभूमीवरचं वस्त्र हा अभिनयाचा भाग आहे, हे तेव्हाच्या प्रेक्षकाला पटलेलं होतं.

दुसरा आक्षेप असा की हे कपडे घालण्याजोगे नसतात. चालता येत नाही, बसता येत नाही, तीन माणसं मागून शेपूट उचलतात. हे खरं आहे आणि ते दूषण होऊ शकत नाही. गुढीला बांधलेलं रेशमी वस्त्रही कुणी नेसायला बांधत नाही. टायला ही दक्षिण आफ्रिकेची गायिका २०२४ मध्ये बाल्मां या फॅशन घराण्याचा वाळूचा गाऊन घालून आली. अंगावर साच्यासारखा बसलेला, हातात वाळूच्या घड्याळाची पर्स. तिला पायऱ्या चढता येईनात, माणसांनी उचलून वर नेलं, आणि त्यावर जगभर हशा झाला. पण त्या वर्षीच्या पोशाखांचं सूत्र होतं काळाची बाग, आणि वरच्या दालनात, त्याच ‘स्लीपिंग ब्यूटीज’ प्रदर्शनात, पडून होते ते काळानं जर्जर केलेले, आता कुणालाच घालता न येणारे पोशाख. निसटून जाणाऱ्या काळाला वाळूचं वस्त्र देणं आणि ते एका रात्रीपुरतंच टिकेल असं बनवणं, यात विचार आहे. उचलून नेलं एवढंच ज्यांना दिसलं त्यांनी गाऊन पाहिलाच नाही.

अभिनेत्री ब्लेक लाइव्हलीचा २०२२ चा व्हर्साचेचा गाऊनही असाच. पायऱ्यांवर मोठा तांबूस बो सोडवला आणि आतून हिरवट निळी शेपूट उलगडली. न्यूयॉर्कच्या बंदरातला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा मुळात तांब्याच्या रंगाचा होता आणि हवापाण्यानं हिरवा पडला, ही सगळी गोष्ट दोन मिनिटांत कापडानं सांगितली. अभिनेत्री क्लेअर डेन्सचा २०१६ चा झॅक पोसेनचा फिकट निळा गाऊन उजेडात साधा वाटत होता. अंधारात तो उजळला, कारण ऑर्गन्झात प्रकाशवाहक तंतू विणलेले होते. त्या वर्षीचं प्रदर्शन हात आणि यंत्र यांच्या नात्यावर होतं, आणि या गाऊननं त्यावर आपलं म्हणणं मांडलं. याउलट २०२१ मध्ये अमेरिकी लोकप्रतिनिधी अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्तेझ ‘श्रीमंतांवर कर लावा’ असं पाठीवर रंगवलेला पांढरा गाऊन घालून आल्या, तेव्हा तो फार गाजला. मला तो गाऊन म्हणून कमकुवत वाटतो. तीच घोषणा फलकावर लिहिली असती तरी काही उणं झालं नसतं. वस्त्रानं स्वतःच्या भाषेत बोलावं.

माझ्या लेखी या साऱ्यांत वरचढ आहे तो २०१५ चा रिहानाचा पिवळा झगा. त्यावर झालेली थट्टा आठवते ना? आम्लेट, पिझ्झा, काय काय चित्रं जोडली लोकांनी. तो झगा बीजिंगच्या रचनाकार ग्वो पेई यांचा. रिहानासाठी तो शिवलेलाच नव्हता. काही वर्षं आधीच्या त्यांच्या एका संग्रहातला तो होता. तो तयार व्हायला दोन वर्षांच्या आसपास लागली आणि वजन भरलं सुमारे २५ किलो. पण त्याचं खरं मोल कळायला ग्वो पेईंचा काळ पाहावा लागतो. त्या १९६७ च्या, म्हणजे सांस्कृतिक क्रांतीच्या ऐन भरातल्या. राजदरबारी भरतकाम म्हणजे जुन्या सरंजामी जगाची निशाणी ठरण्याचा तो काळ. त्यांना जरीकामाला हात लावायचा होता तेव्हा शिकवणारे हात विरळ झाले होते. त्यांनी आपल्या कार्यशाळेत कारागीर नव्यानं घडवले आणि तुटलेला धागा जोडला. त्या वर्षी मेटचं प्रदर्शन चीनवर होतं. पायऱ्यांवर आलेल्या पाहुण्यांपैकी कितीजणी चिनी हातांनी घडवलेलं काही घालून आल्या होत्या? फार थोड्या. रिहानानं तो झगा शोधून काढला. पुढच्या जानेवारीत पॅरिसच्या ओत कूत्यूरच्या (मापानुसार हातानं शिवलेल्या पोशाखांच्या) मंडळानं ग्वो पेईंना अतिथी सदस्य म्हणून बोलावलं. तो झगा आम्लेटासारखा दिसतो म्हणणाऱ्यांनी एका संपूर्ण परंपरेच्या पुनर्जन्माला हसून घेतलं.

या सोहळ्याचं सगळंच मी पाठीशी घालत नाही. २०२२ मध्ये किम कार्दाशियननं मेरिलिन मन्रोचा १९६२ चा पोशाख घातला. तोच, ज्यात मन्रोनं राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या वाढदिवसाच्या समारंभात गाणं म्हटलं होतं. पातळ, तलम रेशीम, त्यावर सुमारे अडीच हजार स्फटिक, आणि तो मन्रोच्या मापानं तिच्या अंगावरच शिवून बसवलेला. किमनं तो पायऱ्यांपुरता घातला आणि वर जाऊन त्याची प्रतिकृती चढवली. मग पायऱ्यांवरही प्रतिकृतीच का चालली नाही? संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं त्यानंतर स्पष्ट सांगितलं की ऐतिहासिक वस्त्रं कुणीही अंगावर घालू नयेत. वस्त्रं जपण्यासाठी पैसा जमवणाऱ्या समारंभाच्या पायऱ्यांवर हे घडावं, ही मोठी चूक होती. उत्तम गाऊनची बाजू घेणाऱ्यानं हे आधी म्हणायला हवं.

आता आपल्याकडच्या दुसऱ्या पंथाकडे वळतो. हा पंथ हिणवत नाही, छाती फुगवतो. आलिया भट २०२४ मध्ये सब्यसाचीची २३ फुटांच्या पदराची साडी नेसून गेली, ईशा अंबानी राहुल मिश्रांच्या साडी-गाऊनमध्ये गेली, त्याआधी २०२२ मध्ये आपल्या पुण्याच्या नताशा पूनावाला सब्यसाचीच्या सोनेरी साडीवर शिआपारेल्लीची धातूची चोळी घालून गेल्या, आणि मथळे झाले की भारतानं मेट जिंकलं. जिंकलं म्हणजे काय केलं? पूनावालांचा पोशाख मला खरोखर आवडला. साडीचा ओघ आणि धातूचा ताठरपणा एकमेकांना भिडवण्याचं धाडस त्यात होतं. पण मथळ्यांत हे काहीच नव्हतं; तिथे होती फक्त नेसणारीची ऐट. आलियाच्या साडीबाबत १६३ कारागीर आणि १९६५ तास असं सांगितलं गेलं. सांगितलं हे चांगलंच झालं. पण भागाकार केला तर प्रत्येकाच्या वाट्याला बारा तास येतात. त्या बारा तासांत कुणी खाका उतरवला, कुणी फुलं भरली, कुणी मोती टाचले, हे विचारायचं कुणालाही सुचलं नाही.

हे काम कसं चालतं ते महाराष्ट्रात बसलेल्यांना ठाऊक असायला हवं, कारण ते मुंबईतच चालतं. कागदावर नक्षी काढतात, रेघेवर सुईनं बारीक भोकं पाडतात, पूड आणि रॉकेलचं मिश्रण फासून ती कापडावर उतरवतात. हा खाका. कापड अड्ड्यावर, म्हणजे लाकडी चौकटीवर, ताणतात आणि दोन्ही बाजूंना मांडी घालून कारागीर बसतात. आरीचा आकडा वरून जातो, खालचा हात न दिसणारा धागा चढवून देतो. जरदोजीत, म्हणजे जरीच्या भरतकामात, दबका, सलमा या जरतारा आणि टिकल्या एकेक टाक्यानं बसतात. हे हात बहुतेक उत्तर प्रदेश, बिहार, बंगालमधून आलेले. पॅरिस आणि मिलानच्या नामवंत घराण्यांचं भरतकाम वर्षानुवर्षं मुंबईत होत आलं आहे, आणि वर्षानुवर्षं त्याची वाच्यता झाली नाही. २०२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं इथल्या कारखान्यांची स्थिती मांडली तेव्हा जगाला कळलं की युरोपच्या नावानं विकल्या जाणाऱ्या भरजरी कामाखाली कोंदट खोल्या आणि तुटपुंजी मजुरी असू शकते. ३० मार्च २०२३ ला डिओर या फ्रेंच फॅशन घराण्यानं गेटवे ऑफ इंडियापुढे फॅशन शो केला, मुंबईच्या चाणक्य कार्यशाळेनं भरलेलं भव्य तोरण तिथे उभं केलं आणि त्या सहकार्याचा उघड उच्चार केला. उशिरा का होईना, ती योग्य दिशा आहे. पुढच्या दीड महिन्याच्या आत मेटच्या पायऱ्यांवर अंथरलेला गालिचाही केरळच्या आलप्पुळा भागात विणलेला होता. त्यावर उभ्या असलेल्या ताऱ्यांची छायाचित्रं आपण पाहिली, गालिच्याची बातमी मात्र कोपऱ्यात राहिली.

उधळपट्टी म्हणून हिणवणारे आणि अभिमानानं फुगणारे, दोघेही एकाच ठिकाणी चुकतात. एकाला तिकिटाची किंमत दिसते, दुसऱ्याला नटीचा चेहरा. टाका दोघांनाही दिसत नाही. आणि टाका न पाहता दिलेला निकाल, मग तो निंदेचा असो की स्तुतीचा, मला मान्य नाही.

म्हणून मराठी वृत्तपत्रांना आणि वाहिन्यांना माझं सांगणं आहे. पुढच्या मे महिन्यात गाऊनची बातमी जरूर द्या, पण नेसणारीच्या नावाशेजारी रचनाकाराचं नाव द्या, कार्यशाळेचं गाव द्या, कोणतं भरतकाम आहे ते लिहा, आणि कारागिरांची नावं मिळेपर्यंत विचारत राहा. वाचकहो, तुम्हीही छायाचित्र मोठं करून किनारीवरचं काम पाहा आणि मग शेरा मारा.