टिप द्या, बलुतं देऊ नका

कुत्र्याला अंघोळ घालणाऱ्या पोराला टिप किती द्यायची, हा काय आंबेडकरी चळवळीचा विषय झाला का? असं विचारणारे काही जण नक्की असतील, म्हणून सुरुवातीलाच सांगते, हो, आहे. एक माणूस दुसऱ्याच्या घरची घाण साफ करतो आणि त्याच्या हातावर काय पडावं हे समोरच्याच्या मर्जीवर ठरतं, तिथे आपला प्रश्न असतोच. आपल्या आज्या-पणज्यांनी गावात हेच भोगलं. फक्त त्याला तेव्हा टिप म्हणत नव्हते.

आधी हे काम काय आहे ते बघू. दादरची हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, शिवाजी पार्क, लोअर परळला गिरण्यांच्या जमिनीवर उभे राहिलेले टॉवर, तिकडे गिरगाव ते मलबार हिल, या पट्ट्यात कुत्र्यांच्या ग्रूमिंगचा धंदा चांगलाच वाढला आहे. मुंबईत जनावरांची काळजी नवी नाही. परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय, म्हणजे आपलं बैलघोडा हॉस्पिटल, १८८३ पासूनचं. पण ग्रूमिंगवाला हा कामगार नवा आहे. केस विंचरायचे, गुंता सोडवायचा, अंघोळ घालायची, ब्लोअरने वाळवायचं, नखं कापायची, कान साफ करायचे, गोचिड्या काढायच्या आणि शेपटीखालच्या ग्रंथी दाबून त्यातली घाण काढायची. त्या वासाबद्दल मी लिहीत नाही. हे सगळं करताना समोरचा जीव घाबरलेला असतो, कधीही चावू शकतो. दिवसभर उभं राहून, ओल्या पायांनी, ब्लोअरच्या आवाजात हे काम चालतं. हे कौशल्याचं काम आहे. नख एक सूत जास्त कापलं गेलं तर रक्त येतं.

आणि हे काम करतंय कोण? नायगाव-वरळीच्या चाळींतली, लालबाग-काळाचौकीतली, गोवंडी-बदलापूरहून लोकलने येणारी मुलं. त्यात आपलीही आहेत. वस्तीतल्या मुलांच्या नोकऱ्यांच्या निमित्ताने मी ज्यांच्याशी बोलले, त्यांतल्या प्रत्येकाला गिऱ्हाईक किती टिप देतं हे तोंडपाठ होतं. नेमणुकीचं पत्र मात्र बहुतेकांकडे नव्हतं. या एका गोष्टीत सगळा प्रश्न आला.

कुणी असं समजू नये की माझा राग कुत्र्यांवर आहे. १९३४ साली राजगृहात काढलेला बाबासाहेबांचा कौटुंबिक फोटो अनेकांच्या घरी आहे. त्यात रमाई आहेत, यशवंतराव आहेत, लक्ष्मीबाई आहेत, मुकुंद आहे आणि बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबीही आहे. याच दादरच्या हिंदू कॉलनीतलं ते घर. मुक्या जनावरावर माया करणं हा गुन्हा नाही. प्रश्न मायेचा नाही, मायेच्या उतरंडीचा आहे. १४ ऑगस्ट १९३१ रोजी गावदेवीच्या मणिभवनात बाबासाहेबांनी गांधीजींना तोंडावर सांगितलं होतं की जिथे आम्हाला कुत्र्या-मांजरांपेक्षा वाईट वागवतात, त्या भूमीला मी मायभूमी कशी म्हणू. आज त्याच मणिभवनापासून फार लांब नसलेल्या टॉवरांत काय चालतं ते बघा. पाळीव प्राण्याला सोसायटीची लिफ्ट नाकारता येत नाही, असं भारतीय पशु कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक आहे. चांगलंच आहे ते. पण त्याच कुत्र्याला अंघोळ घालायला आलेला मुलगा कित्येक इमारतींत वॉचमनच्या बोटाच्या इशाऱ्यावर सर्व्हिस लिफ्टकडे वळतो. वर गेल्यावर दीड-दोन हजारांचं काम करतो आणि निघताना मॅडम विचारतात, "खुश आहेस ना?" या "खुश" शब्दापाशी थांबा. मजुरीने माणूस खुश होत नसतो, मजुरी त्याची असते.

बलुतं म्हणजे तरी काय होतं? काम सक्तीचं, मोबदला मर्जीचा. रात्री-अपरात्री सांगावा घेऊन धावायचं, मेलेलं जनावर ओढायचं आणि सुगीला खळ्यावर जाऊन उभं राहायचं. पाटलाचं मन प्रसन्न असेल तर सूपभर, नसेल तर पसाभर. माणसं ताठ वागायला लागली की गाव पहिलं काय करायचं? बलुतं बंद. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनासंबंधीचं विधेयक मांडलं, त्याचा गाभा हाच होता की धान्याच्या मर्जीऐवजी ठरलेला रोख मोबदला मिळाला पाहिजे. ते विधेयक पुढे मागे घ्यावं लागलं आणि ही कनिष्ठ वतनं कायद्याने मोडायला १९५८ साल उजाडलं. पण मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनीच ११ एप्रिल १९४६ रोजी मध्यवर्ती विधिमंडळात किमान वेतनाचं विधेयक मांडलं आणि १९४८ मध्ये तो कायदा झाला. वतनापासून किमान वेतनापर्यंत हा एकच धागा आहे. माणसाचं पोट दुसऱ्याच्या मर्जीला बांधलेलं नसावं.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही. अमेरिकेत गुलामगिरी संपल्यावर पुलमन कंपनीने रेल्वेच्या झोपायच्या डब्यांत हमाल-नोकर म्हणून मुक्त झालेल्या काळ्या माणसांना घेतलं. पगार तुटपुंजा ठेवला, बाकीचं प्रवाशांच्या टिपवर सोडलं. टिपसाठी हसावं लागे, बूट पुसावे लागत. प्रवासी सगळ्यांना "जॉर्ज" म्हणून हाक मारत, कारण मालकाचं नाव जॉर्ज पुलमन. नोकराला स्वतःचं नावसुद्धा नाही! बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला शिकत होते, तेव्हा हे सर्रास चालू होतं. १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या कामगारांनी युनियन बांधली आणि १९३७ मध्ये कंपनीला करार करायला लावला. ते टिप वाढवून मागायला गेले नव्हते, पगार आणि कामाचे तास मागायला गेले होते. तरीही अमेरिकेतली ती पद्धत मेलेली नाही. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायची किमान मजुरी तिथल्या केंद्रीय कायद्यात १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवरच अडकली आहे. बाकीचं गिऱ्हाइकाने भरायचं. टिपची सवय लागली की मालक सुटतो, हा यातला धडा.

मग आपले काही कडवे कार्यकर्ते म्हणतील, "टिप म्हणजे भीक, द्यायचीही नाही आणि घ्यायचीही नाही." मुद्दा ऐकायला बाणेदार आहे. पण ज्याचा पगार महिन्याच्या एक तारखेला खात्यात पडतो त्याने हा बाणेदारपणा दुसऱ्याच्या खिशातून करू नये. त्या पोराचं पासचं भाडं टिपमधून निघतं. तुम्ही तत्त्व म्हणून शंभर रुपये खिशातच ठेवले तर मालकाचं काही बिघडत नाही, पोराचे शंभर जातात. दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात, "चांगल्या कामाचं बक्षीस आहे, ज्याचं काम चांगलं त्याला जास्त मिळेल." हेही खोटं आहे. टिप कामावर कमी आणि चेहऱ्यावर, भाषेवर, आडनावावर जास्त ठरते. इंग्रजीत दोन वाक्यं बोलणाऱ्याला जास्त मिळतं आणि टबाजवळ घाण काढणाऱ्या हेल्परला तर कुणी बघतही नाही.

सिगालोवाद सुत्तात मालकाने नोकराशी कसं वागावं याची पाच कर्तव्यं सांगितली आहेत. ताकद पाहून काम देणं, अन्न आणि वेतन देणं, आजारात काळजी घेणं, खास गोडधोड वाटून खाणं आणि वेळेवर सुट्टी देणं. क्रम नीट पाहा. वेतन दुसऱ्या नंबरवर आहे, गोडधोड चौथ्या. टिप ही त्या चौथ्या नंबरची गोष्ट आहे. ती वेतनाच्या आणि आजारपणाच्या पुढे आली की बलुतं होते.

आता आपल्यातल्या गिऱ्हाइकांना चार गोष्टी. हो, आता आपणही गिऱ्हाईक आहोत. फ्लॅटमध्ये राहणारे, पॉमेरेनियन पाळणारे बौद्ध कुटुंब आज नवलाचं नाही.

टिप द्या आणि ती आधीच ठरवून ठेवा. मी बिलाच्या दहा टक्क्यांच्या खाली जाऊ नये असं मानते. मर्जी काढून टाकायची तर रक्कम ठरलेली हवी, समोरच्याच्या हसण्यावर नको. अंघोळ घालणारा आणि केस कापणारा वेगळे असतील तर दोघांना वेगवेगळी द्या, हातात द्या, काउंटरवरच्या डब्यात नको. कुत्रा चावरा असेल, केसांच्या जटा झाल्या असतील तर ते आधी सांगा आणि त्याचे जादा पैसे बिलात लावून घ्या. जास्तीच्या कामाची भरपाई टिपमध्ये करायची नसते. दुकानाचा मालक स्वतःच काम करत असेल तर टिपची गरज नाही, दर त्यानेच ठरवला आहे. टिपऐवजी जुने कपडे, उरलेलं जेवण, फराळाचा शिळा पुडा कृपया देऊ नका. दिवाळीची पोस्त द्यायची तर रोख द्या. नाव विचारा आणि नावाने हाक मारा. "ए डॉगवाला" हे आपल्याकडचं "जॉर्ज" आहे. आणि त्याला तुमच्याच लिफ्टने वर आणा. कुणी हटकलं तर बोलायची जबाबदारी तुमची, त्याची नाही.

काम करणाऱ्या मुलांनाही सांगायचं आहे. टिप घ्या, खाली मान घालून घेऊ नका. पण टिपचा आकडा मोजताना पगाराचाही मोजा. दुकानांसाठी राज्याचं किमान वेतन ठरलेलं असतं आणि त्यावरचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. तुमचा पगार त्याच्या खाली असेल तर मालक टिपच्या आड लपतोय. रेबीजची लस चावण्याआधीही घेता येते, तिचा खर्च मालकाने करावा ही पहिली मागणी ठेवा. ईएसआय लागू व्हायला साधारण दहा कामगार लागतात आणि तुमच्या दुकानात तिघे-चौघेच असतात. म्हणून एकेका दुकानाने नाही, दादर ते गिरगावच्या सगळ्यांनी मिळून बसावं लागेल. बसायला जागा हवी असेल तर विहारं आहेत, समाजमंदिरं आहेत. रविवारी तुम्हाला सुट्टी नसते हे ठाऊक आहे, कारण कुत्र्यांची अंघोळ रविवारीच निघते. मग सोमवारी रात्री बसू.

आणि गिऱ्हाईक म्हणून पुढच्या वेळी काउंटरवर टिप देण्याआधी मालकाला एक प्रश्न विचारा, "या मुलाला पगार किती देता?" उत्तर मिळालं नाही तरी चालेल. प्रश्न त्या मुलाच्या कानावर पडू द्या.

जय भीम!