उष्णतेची उसनवारी

मार्च २०२२ मध्ये वेल्लोर येथे रात्री चार्जिंगला लावलेल्या विजेच्या स्कूटरने पेट घेतला आणि तिच्या धुरात गुदमरून एक पिता व त्याची कन्या प्राणांस मुकली. त्याच सुमारास पुण्यात भर रस्त्यावर एक स्कूटर जळून खाक झाली. त्यानंतर सरकारला जाग आली आणि बॅटऱ्यांविषयीचे कडक नियम १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांनी अमलात आले. हे योग्यच झाले. परंतु बॅटरी थंड ठेवावयाची कशी, हा प्रश्न कायद्याने संपत नाही.

त्यावर एक उपाय मेणाचा आहे. बॅटरीतील सेलभोवती मेण भरावे, ही कल्पना अमेरिकेतील इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या अल-हल्लाज व सेलमन या संशोधकांनी २००० साली मांडली. तिचे तत्त्व शाळकरी मुलासही ठाऊक आहे. बर्फ वितळत असता त्याचे तापमान वाढत नाही. मिळालेली उष्णता वितळण्यातच खर्ची पडते. मेणाचेही तसेच. एक किलो मेण वितळताना सुमारे २०० किलोज्यूल उष्णता पोटात घेते. वीस किलोंची बॅटरी जवळजवळ दहा अंशांनी तापावी, एवढी ही उष्णता! मेणातून उष्णता सावकाश वाहते, म्हणून त्यात ग्राफाइट मिसळतात. पंखा नको, पंप नको, विजेचा खर्च नको.

येथवर सारे मनोहर आहे. परंतु मेण उष्णता नाहीशी करीत नाही. ती केवळ उसनी घेते. सारे मेण वितळले की त्याची पत संपते आणि पुन्हा गोठेपर्यंत ते फारसे कामाचे राहत नाही. नागपूर-चंद्रपूरकडे वैशाखात पारा ४५ अंशांवर जातो. तेथे ४० अंशांना वितळणारे मेण गाडी सुरू होण्यापूर्वीच पातळ झालेले असावयाचे! त्याहून चढ्या तापमानास वितळणारे मेण घ्यावे, तर तोवर बॅटरीच तापून तिचे आयुष्य घटावयाचे. दिवसभर घरोघर माल पोचविणाऱ्या तरुणाच्या गाडीला तर मेण गोठण्याइतकी उसंतही मिळत नाही. शिवाय मेण स्वतः ज्वालाग्राही आहे, आणि सदोष सेलला ते निर्दोष करू शकत नाही, हेही विसरता कामा नये.

म्हणून मेणाला आमचा विरोध नाही. विरोध आहे तो मेणाच्या भरवशावर निश्चिंत होण्याला. घेतलेली उष्णता बाहेर टाकण्याची सोय नसेल, तर ही उसनवारी अखेर गिऱ्हाइकाच्याच अंगाशी येईल. वातानुकूलित दालनातील एका फेरीवर गाडीची परीक्षा होऊ नये. ४५ अंशांच्या उन्हात, फेरीमागून फेरी व चार्जिंगमागून चार्जिंग करून ती घ्यावी आणि तिचा निकाल गाडीबरोबर छापून द्यावा. जिन्याखाली गाडी लावून वर निजणाऱ्या कुटुंबाचा एवढा हक्क सरकारने मान्य केलाच पाहिजे.