जुनी जीप आणि डिझेल इंजिनाचा मोह

कापडवाल्याला जीपचे काय, असे व्यापारी बंधू म्हणतील. पण गेली दोन वर्षे दर जुम्म्याच्या सुटीत आम्ही घरचे सारे अब्बांच्या सीजे-३बी जीपला लागलो आहोत. (ही जीप बनवणाऱ्या कंपनीचे १९४५ सालचे नाव महिंद्रा अँड मोहम्मद, हे आजच्या मुलांना खरे वाटत नाही.)

मुलांचा हट्ट होता, पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवू, स्वस्त पडेल. आम्ही साफ नकार दिला. २०२१ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे ५० वर्षांपेक्षा जुनी गाडी मूळ रूपात असेल तरच 'व्हिंटेज' म्हणून नोंदते. चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल चालत नाही. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. धंद्यासाठी ती वापरता येत नाही, तेव्हा गाठी वाहण्याचे विसरा.

मग नफा कोणता? एका गॅरेजवाल्याने आगाऊ पैसे घेऊन गंजावर नुसती पुटी फासली. तेव्हापासून पत्रा आम्हीच घासतो. हूडचे कॅनव्हास मात्र आमच्या हातचे. आमचे मिस्त्री सत्तरीचे, व्हॉल्वचा बिघाड नुसत्या आवाजावरून ओळखतात. त्यांच्या शेजारी आता आमचा पुतण्या बसतो. ते नसते तर हे इंजिन आम्ही भंगारातच दिले असते.