स्लॅबवरचे दुसरे छप्पर

रत्नागिरी शहरात व आसपासच्या गावांत सिमेंटच्या स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभारून वर पत्रा घातलेली घरे जागोजाग दिसतात. एका घराला दोन छपरे हे सुबत्तेचे लक्षण नव्हे. पहिल्या छपराची निवड हवामानाकडे पाठ फिरवून झाली, त्याचा तो दंड आहे.

सोलापूरकडील धाब्याचे घरही सपाट छपराचेच. पण तेथे ते शोभते. पाऊस वर्षाला ६०० मिलिमीटरच्या आसपास, उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे. जाड मातीतून उष्णता आत पोहोचेपर्यंत सूर्य मावळतो आणि रात्रीच्या कोरड्या हवेत ती निघून जाते. रत्नागिरीत पाऊस ३,००० मिलिमीटरहून अधिक. पारा फारसा चढत नाही, परंतु दमट हवेत रात्रही निवत नाही. येथे उष्णता साठवून उपयोग नाही. सावली, वारा आणि पाणी चटकन ओघळून जाईल असा उतार हवा. स्लॅब मे महिन्यात दिवसभर तापतो व रात्री ती धग खोलीत सोडतो. पावसाळ्यात त्यावर पाणी साचते. खाऱ्या हवेतले क्षार ओलीबरोबर गजांपर्यंत पोहोचले की गज गंजून फुगतात आणि पापुद्रे सुटू लागतात.

जांभ्याचा चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत टणक होतो. सच्छिद्र असल्याने तो ओल शोषतो आणि उघाड मिळताच सोडतो. त्यावर सिमेंटचा घट्ट गिलावा चढवला की शिरलेले पाणी आतच कोंडते. कौलांच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते. ही मंगलोरी कौले तरी कोठे पुरातन? मंगळूरला बासेल मिशनने त्यांचा कारखाना काढला तो १८६५ साली. कोकणाने हा नवा माल स्वीकारला, कारण तो येथल्या पावसाला मानवला.

मग लोकांनी कौले का टाकली? याला निव्वळ हौस म्हणणे अन्यायाचे ठरेल. दरवर्षी पावसापूर्वी घर शाकारावे लागते; त्यासाठी माणूस मिळत नाही आणि मिळाला तर मजुरी परवडत नाही. कर्ती माणसे मुंबईत, घर वर्षातले अनेक महिने बंद. माकडांच्या उड्यांनी कौले फुटतात ती निराळीच. त्यात ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने दापोली-मंडणगडकडील कौले व पत्रे उडवून दिले. स्लॅबची घरे टिकली. स्लॅब घेणारा वस्तुतः शाकारणीची मजुरी एकरकमी आगाऊ भरत असतो. हिशेब चुकतो तो एवढाच की, गळती व गंज यांचा खर्च त्यात कोणी धरत नाही.

शासनाचा हिशेबही फारसा वेगळा नाही. इंदिरा आवास योजनेत कच्च्या घराच्या सुधारणेसाठीही रक्कम मिळत असे. २०१६ मध्ये तिची जागा घेणाऱ्या प्रधानमंत्री आवास योजनेने ग्रामीण भागात सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य ठरवले, ते नव्या पक्क्या घरासाठी. स्थानिक साहित्य वापरण्यास तिची मनाई नाही, उलट प्रोत्साहनच आहे. परंतु ज्याच्या चिऱ्याच्या भिंती शाबूत आहेत आणि केवळ वासे कुजले आहेत, अशा घराला त्यात जागा नाही.